पायथॉनमध्ये फाईलचे पाथ: ओएस.पाथ पुरे की पाथलिब घ्यावं? (पॅकहाऊसचं खरं काम आहे, टाइमपास नाही)

थॉमसन_सीडलेस · सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाऊसचं संगणकाचं काम बघतो. सीझन उरकला, बागांत खरड छाटणी सुरू झाली, म्हटलं कोडचीही खरड छाटणी करून घेऊ.

आमच्याकडे पायथॉनची एक जुनी स्क्रिप्ट आहे. लॅबकडून प्रत्येक प्लॉटचा रेसिड्यू रिपोर्ट (द्राक्षांत औषधांचा अंश किती उरला त्याचा) पीडीएफमध्ये येतो, सोबत एक सीएसव्ही. स्क्रिप्ट ती सीएसव्ही वाचते आणि पीडीएफ उचलून तालुका, गाव, गट नंबर अशा फोल्डरांत लावते. लिहिणारा मुलगा पुण्याला गेला, कोड इथेच राहिला. कुठे अधिकचं चिन्ह टाकून स्ट्रिंगा जोडल्यात, कुठे ओएस.पाथ.जॉइन आहे, कुठे रिप्लेस मारून बॅकस्लॅशचा स्लॅश केलाय. आजवर सगळं विंडोजवर चाललं. आता मालकांनी लिनक्सचा छोटा सर्व्हर घेतलाय आणि हे सगळं तिकडे न्यायचं आहे.

पायथॉनमध्ये पाथ, म्हणजे फाईलचा पत्ता, हाताळायचे दोन मार्ग: ओएस.पाथ त्याला साधी स्ट्रिंग (मजकूर) धरतं, पाथलिब त्याचं वेगळं ऑब्जेक्ट करतं. तर सगळं पाथलिबवर न्यावं का? की ओएस.पाथच नीट वापरलं तरी भागेल? ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनीच सांगा, "चॅटबॉटला विचार" म्हणणाऱ्यांनी कृपया झोपावं.

सातपूरकर · सोमवार, रात्री ९:१५

पाथलिब. धागा बंद करा.

जुनाखोड · सोमवार, रात्री ९:४१

एवढी घाई नको सातपूरकर.

अंबडच्या एका कारखान्यात माझ्या स्क्रिप्टा ओएस.पाथवर वर्षानुवर्षं चालू आहेत, रात्रपाळीलाही फोन येत नाही. पाथ म्हणजे शेवटी स्ट्रिंगच. डेटाबेसमध्ये स्ट्रिंग, सीएसव्हीत स्ट्रिंग, लॉगमध्ये स्ट्रिंग. मध्येच त्याचं ऑब्जेक्ट करा आणि बाहेर पडताना परत स्ट्रिंग करा, हा उपद्व्याप कशाला?

आणि पाथलिब आलं तेव्हाची गंमत नव्या मुलांना माहीत नाही. २०१४ मध्ये ३.४ सोबत आलं खरं, पण साधं ओपन त्याला ओळखत नव्हतं. प्रत्येक ठिकाणी एसटीआर(...) चं कडं घालून परत स्ट्रिंग करायची. तेव्हाच मी रामराम ठोकला.

थॉमसनभाऊ, चालतंय ना? मग हात लावू नका.

अनघा_कॉलेजरोड · सोमवार, रात्री १०:०५

जुनाखोड काका, तो रामराम फार लवकर ठोकलात. ३.६ मध्ये पेप ५१९ (पायथॉनमधल्या बदलाचा अधिकृत प्रस्ताव) आलं आणि ओपन, ओएसची फंक्शनं, ओएस.पाथ स्वतः, सगळे पाथ ऑब्जेक्ट थेट घेऊ लागले. ३.६ म्हणजे २०१६. त्या कड्याची गरज संपून जमाना झाला.

थॉमसन, स्लॅशने जोडणं दिसायला छान आहे हे खरं, `पाथ('रिपोर्ट') / तालुका / गाव` असं लिहिता येतं. पण त्यासाठी कोणी कोड बदलू नये. माझ्या मते कारण दुसरं आहे. ओएस.पाथमध्ये फंक्शनला स्ट्रिंग येते तेव्हा ती पाथ आहे, नुसतं नाव आहे की शेतकऱ्याचं आडनाव आहे, हे कोडला कळत नाही, वाचणाऱ्यालाही नाही. पाथ ऑब्जेक्ट असेल तर चुकून त्याला अधिकच्या चिन्हाने स्ट्रिंग जोडायला गेलात की पायथॉन तिथेच टाइपएरर देतो. तुमच्या त्या पुण्याला गेलेल्या मुलाचा निम्मा कोड तिथेच पकडला जाईल.

आणखी एक. पाथलिबमध्ये दोन मजले आहेत. प्युअरपाथ नुसती नावांची जोडतोड करतो, डिस्कला हातही लावत नाही. त्यावर पाथ, जो खरोखर फाईल उघडतो, फोल्डर बनवतो. या फरकाचा तुम्हाला उपयोग होणार आहे असं वाटतंय. सीएसव्हीतल्या एक-दोन ओळी टाका ना इथे, नावं बदलून.

थॉमसन_सीडलेस · सोमवार, रात्री १०:२२

घ्या ताई. एका रकान्यात पाथ असा येतो:

`डी:\आउटपुट\निफाड\रिपोर्ट_४४१.पीडीएफ`

लॅबचं मशीन विंडोजचं आहे, त्यांच्याकडचाच पाथ ते जसाच्या तसा पाठवतात. आमची स्क्रिप्ट ओएस.पाथ.बेसनेमने त्यातलं नुसतं फाईलचं नाव काढायची. विंडोजवर ठीक होतं. लिनक्सवर आज करून पाहिलं तर बेसनेम म्हणून अख्खी ओळ परत येते, डी ड्राइव्हसकट.

लिनक्सवाला_नाशिकरोड · सोमवार, रात्री १०:३०

येणारच. लिनक्समध्ये बॅकस्लॅश हे फाईलच्या नावातलं साधं अक्षर आहे. तिथे नावात फक्त दोन गोष्टी चालत नाहीत: स्लॅश आणि शून्य बाइट. बाकी कोलन, प्रश्नचिन्ह, तारका, अगदी नवी ओळसुद्धा चालते. त्यामुळे तुमच्या सर्व्हरच्या दृष्टीने ते एकाच फाईलचं लांबलचक नाव आहे.

ओएस.पाथ म्हणजे मुळात एक मुखवटा आहे. विंडोजवर त्यामागे एनटीपाथ नावाचं मॉड्यूल असतं, लिनक्सवर पॉझिक्सपाथ. जिथे स्क्रिप्ट चालते तिथले नियम लागू होतात. पण तुमचा डेटा तर दुसऱ्याच मशीनचा आहे!

उपाय: `प्युअरविंडोजपाथ(ओळ).नेम`. हे लिनक्सवरही चालतं, विंडोजचे नियम लावून नाव काढून देतं. अनघाताई म्हणाल्या तो पहिला मजला हाच. काकांना पाथलिब नकोच असेल तर एनटीपाथ थेट इंपोर्ट करून एनटीपाथ.बेसनेम वापरलं तरी तेच उत्तर मिळेल.

जुनाखोड · सोमवार, रात्री १०:३८

एनटीपाथ थेट इंपोर्ट होतं? हे ठाऊक नव्हतं. बरं झालं. बघा, पाथलिबशिवायही भागतं. 😄

पंचवटी_एक्सप्रेस · सोमवार, रात्री ११:०२

मंडळी, नाशिक जिल्ह्यासाठी खास संशोधन सादर करतो. :)

विंडोजचा पाथ पायथॉनच्या साध्या स्ट्रिंगमध्ये लिहिला की बॅकस्लॅश आणि पुढचं अक्षर मिळून भलताच अर्थ होतो. बॅकस्लॅश-एन म्हणजे नवी ओळ, बॅकस्लॅश-टी म्हणजे टॅब, बॅकस्लॅश-बी म्हणजे बॅकस्पेस. आता आपले पंधरा तालुके इंग्रजी स्मॉल अक्षरांत फोल्डरची नावं म्हणून घ्या.

नाशिक, निफाड, नांदगाव: तिघांच्या आधी नवी ओळ. त्र्यंबकेश्वर: टॅब. बागलाण: बॅकस्पेस. पाच तालुके कामातून गेले.

दिंडोरी, देवळा, सिन्नर, सुरगाणा, पेठ, कळवण, चांदवड, मालेगाव, येवला, इगतपुरी हे दहा वाचतात, कारण त्या अक्षरांचा असा काही अर्थ ठरलेला नाही, बॅकस्लॅश जागेवर राहतो. म्हणजे दिंडोरीत बसून स्क्रिप्ट लिहिली तर चालणार आणि निफाडला नेली की मरणार. प्रोग्रॅमर म्हणणार, "माझ्याकडे तर चालतंय"!

सातपूरकर · सोमवार, रात्री ११:०६

हहपुवा 😂 निफाडकरांवर अन्याय!

तर्रीबाज · सोमवार, रात्री ११:०९

बागलाणकरांना हे कळू देऊ नका.

अनघा_कॉलेजरोड · सोमवार, रात्री ११:२०

पंचवटी, खी खी! पण वाचलेले दहाही फार निर्धास्त नाहीत. ज्याला अर्थ नाही असा बॅकस्लॅश दिसला की ३.६ पासून पायथॉन डेप्रिकेशनची सूचना देत होता, ती कोणाला दिसायची नाही. ३.१२ पासून ती सिंटॅक्सवॉर्निंग झाली, म्हणजे डोळ्यांसमोर येते. पुढे कधीतरी ती थेट चूक ठरणार.

आणि कॅपिटल एन लिहिलात तर स्क्रिप्ट सुरूच होत नाही, कारण बॅकस्लॅश-कॅपिटल-एन हा युनिकोडच्या नावाने अक्षर लिहायचा प्रकार आहे. युजर्स फोल्डरच्या कॅपिटल यू चंही तेच. ते परवडलं, निदान लगेच कळतं. नवी ओळ घुसलेला पाथ विंडोजवर "इनव्हॅलिड आर्ग्युमेंट" एवढंच म्हणतो आणि माणूस तासभर परवानग्या तपासत बसतो.

स्ट्रिंगच्या आधी आर लावा, किंवा सरळ पुढे झुकलेला स्लॅश लिहा. विंडोजला तो चालतो. आर लावलात तरी शेवटचं अक्षर एकटा बॅकस्लॅश ठेवता येत नाही, तेवढं सांभाळा.

काळारामचौक · मंगळवार, सकाळी ८:१५

भाबडा प्रश्न: विंडोजला पुढचा स्लॅश चालतो तर मग हा उलटा स्लॅश आणला कोणी?

जुनाखोड · मंगळवार, सकाळी ८:५०

आमच्या काळातला विषय निघाला, आता सोडत नाही.

१९८१ चं पहिलं एमएस-डॉस आलं त्यात फोल्डर हा प्रकारच नव्हता. फ्लॉपीवर किती फाईली मावायच्या, त्यांना कप्पे कशाला? आणि कमांडचे पर्याय द्यायला स्लॅश वापरला जायचा, डीआयआर स्लॅश डब्ल्यू हे जुन्यांना आठवत असेल. १९८३ ला डॉस २.० मध्ये फोल्डर आले तेव्हा युनिक्ससारखा स्लॅश घ्यावा तर तो पर्यायांनी आधीच अडवलेला. म्हणून बॅकस्लॅश. आतल्या सिस्टीमला मात्र दोन्ही चालायचे, आजही बहुतेक ठिकाणी चालतात. अडतं ते कमांड प्रॉम्प्टवरच्या काही आज्ञांपाशी.

त्याच काळाचं आणखी एक भूत अजून फिरतंय. फोल्डर नव्हते म्हणून प्रिंटर, कन्सोल या उपकरणांना सरळ फाईलीसारखी नावं दिली: सीओएन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल, शिवाय कॉम१, एलपीटी१ वगैरे. पुढे फोल्डर आले तरी ही नावं प्रत्येक फोल्डरात राखीव राहिली.

लॅबअसिस्टंट · मंगळवार, सकाळी ९:३३

काका!! पीआरएन!!! आज उलगडा झाला.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात आहे (कुठल्या ते विचारू नका). मुलांचा पर्मनंट रजिस्ट्रेशन नंबर, म्हणजे पीआरएन, त्याची यादी पीआरएन.सीएसव्ही नावाने सेव्ह करायला गेलं की आमच्या विंडोज १० च्या मशीनवर होतच नाही. क्लार्क मॅडमची ठाम समजूत आहे की व्हायरस आहे. दोनदा फॉरमॅट मारून झालंय त्या मशीनला.

तर्रीबाज · मंगळवार, सकाळी ९:४०

दोनदा फॉरमॅट 😭 मॅडमना सांगू नका आता, राहू द्या.

लिनक्सवाला_नाशिकरोड · मंगळवार, सकाळी ९:५८

एक्सटेन्शन लावलं तरी सुटका नाही, पीआरएन.सीएसव्ही हेही राखीवच धरलं जातं. पायथॉन ३.१३ मध्ये ओएस.पाथ.इजरिझर्व्ड आलंय, ते विंडोजवर आधीच सांगतं. तोवर यादीचं नाव पीआरएन_यादी करा, संपलं.

सातबारा · मंगळवार, सकाळी ११:१०

धागाकर्त्याने गट नंबराचा फोल्डर म्हटलंय आणि अजून कोणी मूळ दुखण्यावर बोट ठेवलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

गट नंबर नुसता १२३ असतो का? १२३/२ असतो. १२३/२/ब असतो. सातबाऱ्यावर तसंच लिहितात. हा स्लॅश पाथमध्ये गेला की गट १२३ नावाचा फोल्डर आणि त्याच्या आत २ नावाचा फोल्डर. उद्या १२३ चा स्वतंत्र रिपोर्ट आला तर तोही त्याच फोल्डरात जाऊन पडणार. पाथलिब घ्या नाहीतर ओएस.पाथ, दोघांनाही हा स्लॅश शेतीचा आहे हे कळत नाही.

त्याहून वाईट म्हणजे कोणी रकान्यात चुकून "/१२३" असं सुरुवातीलाच स्लॅश देऊन टाइप केलं तर? जॉइन करताना नंतरचा तुकडा स्लॅशने सुरू झाला की आधीचं सगळं फेकून दिलं जातं. पाथलिबमध्येही तेच. रिपोर्ट, तालुका, गाव सगळं गायब, फाईल थेट रूटवर लिहायचा प्रयत्न.

थॉमसन_सीडलेस · मंगळवार, दुपारी १:०५

सातबारा दादा, दंडवत. सर्व्हरवर आत्ता बघितलं. कालच्या ट्रायलमध्ये "२", "१अ", "ब" अशा नावांचे फोल्डर तयार होऊन बसलेत. मला वाटलं कोणीतरी खेळ केला.

अजून एक विचित्र प्रकार आहे. काही गावांत सगळ्या गटांचे मिळून एकच पीडीएफ उरतंय, आणि नाव नुसतं `गट क्र.पीडीएफ`. आकडा कुठे गेला?

अनघा_कॉलेजरोड · मंगळवार, दुपारी १:३०

तुम्ही नवीन कोडमध्ये विथ_सफिक्स वापरलंय का? `पाथ('गट क्र. १२३').विथ_सफिक्स('.पीडीएफ')` असं काहीसं?

पाथलिबच्या लेखी शेवटच्या टिंबापासून पुढचं सगळं सफिक्स. "गट क्र. १२३" मध्ये "क्र" च्या पुढे टिंब आहे. म्हणजे सफिक्स झालं ". १२३", मग ते काढून त्या जागी .पीडीएफ बसवलं. गट १२३, गट १२४, गट ९०, सगळ्यांचं नाव एकच, शेवटचा आधीच्यांवर बसला. कसलीही तक्रार न करता.

नाव + '.पीडीएफ' अशी साधी स्ट्रिंग जोडून ती विथ_नेमला द्या. आणि संक्षेपाची टिंबं नावातून काढाच: क्र., ता., जि., मु.पो. मराठी नावांत ही टिंबं पावलोपावली असतात.

जुनाखोड · मंगळवार, दुपारी १:४२

ओएस.पाथ.स्प्लिटएक्स्टही हेच करतं, म्हणून यावेळी पाथलिबला शिव्या देत नाही. नोंद घ्यावी.

सातपूरकर · मंगळवार, दुपारी १:४४

इतिहासात पहिल्यांदा!

गंगापूररोडची_मधुरा · मंगळवार, दुपारी ३:२०

माझं मत जरा कडक आहे. माणसाने टाइप केलेला मजकूर फाईलच्या नावात घालूच नये. निर्यातीच्या बागांची ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षांची ऑनलाइन नोंद ठेवणारी यंत्रणा) नोंदणी असतेच ना? तो नोंदणी क्रमांक किंवा तुमच्या डेटाबेसचा साधा आयडी फाईलला द्या. गाव, गट, शेतकऱ्याचं नाव हे डेटाबेसमध्ये. फाईल सिस्टीमला माहितीचा साठा समजायचं आणि मग स्लॅशवर रडायचं, याला अर्थ नाही.

थॉमसन_सीडलेस · मंगळवार, दुपारी ४:०२

मधुराताई, तत्त्व पटतं. पण आमचे मालक एक्सप्लोरर उघडतात, निफाड, मग गाव, मग गट, असे क्लिक करत जातात आणि खरेदीदाराच्या माणसासमोर रिपोर्ट उघडून दाखवतात. त्यांना ४८२१७.पीडीएफ दाखवला तर मला उद्यापासून क्रेट उचलायला लावतील.

सातबारा · मंगळवार, दुपारी ४:३०

मधुरा, कागदाला माणसाची खूण लागतेच. सर्व्हर बंद पडला, डेटाबेस गेला, तर ४८२१७ कोणाचा हे कोण सांगणार? मी तरी नाव ठेवेन. फक्त स्लॅशच्या जागी खालची रेघ. हायफन नको, कारण हायफनवालेही नंबर लोक लिहितात, मग १२३-२ आणि १२३/२ एकच होऊन बसतील.

गंगापूररोडची_मधुरा · मंगळवार, संध्या. ५:१५

मग दोन्ही ठेवा: आधी आयडी, मग खालची रेघ, मग वाचता येईल असं नाव. स्क्रिप्टने फक्त आयडी वाचायचा, उरलेलं मालकांसाठी. नावाच्या भागात काही घोळ झाला तरी फाईल हरवत नाही. यापेक्षा जास्त तडजोड माझ्याकडून होणार नाही.

फॉन्टपीडित · मंगळवार, रात्री ८:४८

उशिरा आलो. मराठी नावं ठेवणार असाल तर पुढचं वाचाच.

आमच्या इथे `शेतकऱ्यांची यादी` आणि `शेतकर्‍यांची यादी` अशा दोन फाईली एकाच फोल्डरात होत्या. वाचायला एकच शब्द. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे (यू+०९३१). दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झेडडब्ल्यूजे. कोणत्या कीबोर्डने टाइप केलं त्यावर ठरतं. पहिला शब्द ११ कोडपॉइंटचा (युनिकोडच्या चिन्हांचा), दुसरा १२ चा. ग्लॉबने (नावाच्या नमुन्यावरून फाईल शोधणं) एक शोधलं की दुसरी सापडत नाही.

त्यात तिसरा भिडू. ऱ मोडून र आणि नुक्ता असंही लिहिता येतं, आणि जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाईल सिस्टीम नावं अशीच मोडून ठेवायची. तेही १२ कोडपॉइंट, पण झेडडब्ल्यूजेवाल्या १२ पेक्षा वेगळे! लिनक्सची एक्स्ट४ नेहमीच्या मांडणीत यातलं काहीच जुळवून घेत नाही, आले ते बाइट तसेच ठेवते. तिच्यासाठी या तीन वेगळ्या फाईली.

युनिकोडडेटामधलं नॉर्मलाइझ एनएफसी (मोडलेली अक्षरं जोडून एक करणारा प्रकार) लावून वापरलं की पहिला आणि तिसरा एक होतात. झेडडब्ल्यूजेवाला होत नाही. त्याच्यासाठी र-हलन्त-झेडडब्ल्यूजे दिसलं की ऱ-हलन्त करायचं, ही ओळ स्वतः लिहावी लागते. पाथलिब यात काहीही करत नाही आणि ते बरोबरच आहे, कारण डिस्कवर जे नाव आहे तेच त्याने सांगायला हवं. हे काम नाव बनवण्याच्या आधीचं.

काळारामचौक · मंगळवार, रात्री ९:०५

वाखुसा (वाचनखूण साठवली). वऱ्हाड, कऱ्हाड, गोऱ्हे, सगळ्यांची वरात आहे म्हणजे.

लिनक्सवाला_नाशिकरोड · मंगळवार, रात्री ९:२०

फॉन्टपीडित, जबरदस्त. त्याला जोडून लांबीचं सांगतो. विंडोजच्या एनटीएफएसवर एका नावाला २५५ यूटीएफ-१६ एकक मिळतात, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह त्यात एक धरलं जातं. एक्स्ट४ वर मर्यादा २५५ बाइटची, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. म्हणजे ८५ चिन्हं, संपलं. "शेतकऱ्यांची" एवढ्या एका शब्दाचेच ३३ बाइट होतात.

थॉमसन, "मु.पो. अमुक ता. निफाड यांचा सन अमुकचा रेसिड्यू तपासणी अहवाल" असल्या नावाच्या फाईली विंडोजवर सुखाने नांदतात आणि सर्व्हरवर कॉपी करताना "फाईल नेम टू लाँग". नाव बनवल्यावर यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करून लांबी बघा. पायथॉनच्या लेनने नुसती चिन्हं मोजून कळणार नाही.

सातपूरकर · मंगळवार, रात्री ९:३१

विंडोजला २६० ची मर्यादा नाही का मग?

लिनक्सवाला_नाशिकरोड · मंगळवार, रात्री ९:३६

ती अख्ख्या पाथची, ड्राइव्हपासून शेवटपर्यंत. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून रजिस्ट्रीतल्या लाँगपाथ्सएनेबल्डने उठवता येते, पायथॉनचा इन्स्टॉलरही शेवटी तसं बटण देतो. पण एक्सप्लोरर अजून कुरकुर करतो, आणि तुमचे मालक तर एक्सप्लोररमधूनच बघणार.

तर्रीबाज · मंगळवार, रात्री १०:००

अवांतर: उद्या सकाळी मिसळीला कोण येतंय? एवढं बॅकस्लॅश वाचून तिखट खाल्ल्याशिवाय राहवणार नाही.

पंचवटी_एक्सप्रेस · मंगळवार, रात्री १०:०४

सिंहस्थ उरकेल पण हा धागा उरकणार नाही. मिसळीला येतो.

गो_गोपाळ · बुधवार, सकाळी ७:५०

पायथॉनवाल्यांनो, गो भाषेत बघा, दोन वेगळी पॅकेजं आहेत. पाथ फक्त पुढच्या स्लॅशसाठी, म्हणजे यूआरएल वगैरे. फाईलपाथ मात्र मशीन बघून वागतं. गोंधळच नाही.

अनघा_कॉलेजरोड · बुधवार, सकाळी ८:३५

गोपाळ, गोंधळ कसा नाही? नाव साधं म्हणून निम्मे लोक फाईलींसाठी पाथच इंपोर्ट करतात आणि विंडोजवर आपटतात. आणि लिनक्सवर बसून विंडोजचा पाथ फोडायचा तर गोच्या स्टँडर्ड लायब्ररीत प्युअरविंडोजपाथसारखं काही मिळत नाही. नोडमध्ये आहे, पाथ.विन३२ आणि पाथ.पॉझिक्स असे दोन्ही संच कुठेही वापरता येतात.

गो_गोपाळ · बुधवार, सकाळी ८:४१

बरं. नोडचं नाव काढलंत म्हणून गप्प बसतो.

जुनाखोड · बुधवार, सकाळी १०:१५

मूळ प्रश्नावर येऊ. रात्री पाथलिब थोडं चाळलं. (आश्चर्याची चिन्हं टाकू नयेत.) प्युअरविंडोजपाथ कामाची वस्तू आहे, मान्य. पण थॉमसनभाऊ, डोळे झाकून बदलू नका.

पाथलिब सुरुवातीचं टिंब-स्लॅश गिळतं. "./पॅक.एसएच" चं "पॅक.एसएच" होतं, आणि ते सबप्रोसेसला (दुसरा प्रोग्रॅम चालवणारं मॉड्यूल) दिलं की लिनक्स ते पॅथ व्हेरिएबलमधल्या ठरलेल्या फोल्डरांत शोधतो आणि सापडत नाही म्हणतो. आधी रिझॉल्व्ह करून पूर्ण पाथ द्या.

उलट दोन टिंबांचं. ओएस.पाथ.नॉर्मपाथ "अ/../ब" चं मुकाट्याने "ब" करतं. पाथलिब करत नाही. आणि इथे पाथलिब बरोबर आहे हे सांगताना जीव जड होतोय, कारण "अ" ही सिमलिंक (दुसऱ्याच फोल्डराकडे नेणारी खूण) असेल तर दोन्हींचा मुक्काम वेगळा असू शकतो.

वेग: लाखभर फाईली चाळायच्या असतील तर ओएस.स्कॅनडिर अजूनही हलकं, प्रत्येक फाईलचं ऑब्जेक्ट बनवण्याचा खर्च नाही. तुमच्या पीडीएफना फरक पडू नये.

थॉमसन_सीडलेस · बुधवार, दुपारी १२:४०

काका, आभार. ठरवलंय ते असं: नाव बनवायचं एकच फंक्शन. त्यात आधी ऱ ची दुरुस्ती आणि एनएफसी, मग स्लॅशच्या जागी खालची रेघ, टिंबं बाहेर, सुरुवातीला आयडी, शेवटी बाइट मोजणी. लॅबचे पाथ प्युअरविंडोजपाथने. पुढे सगळीकडे पाथ ऑब्जेक्ट.

आता नवीन अडचण. रिपोर्टांची एक प्रत वजनकाट्याशेजारच्या मशीनवर पाठवणारी छोटी स्क्रिप्ट तिथे टास्क शेड्यूलरने चालते. हाताने चालवली की चालते, शेड्यूलरने "झेड ड्राइव्ह सापडत नाही". आणि ते मशीन विंडोज ७ आहे. काट्याचं सॉफ्टवेअर विकणारा म्हणतो दुसऱ्या कशावर चालणार नाही.

लिनक्सवाला_नाशिकरोड · बुधवार, दुपारी १:०२

झेड हा मॅप केलेला ड्राइव्ह लॉगिन केलेल्या माणसापुरता असतो, शेड्यूलरच्या सत्रात तो नसतो. ड्राइव्हचं अक्षर सोडा, `\\सर्व्हर\रिपोर्ट` असा पूर्ण नेटवर्क पाथ द्या आणि काम ज्या खात्याने चालतं त्याला तिथली परवानगी द्या. शिवाय "स्टार्ट इन" रिकामं असेल तर स्क्रिप्ट सिस्टीम३२ फोल्डरात उभी राहते. सापेक्ष पाथ ठेवूच नका, `पाथ(__फाईल__).रिझॉल्व्ह().पेरेंट` पासून सुरुवात करा.

अनघा_कॉलेजरोड · बुधवार, दुपारी १:१५

विंडोज ७ वर पायथॉन ३.८ च्या पुढे जाता येत नाही. म्हणजे पाथ.वॉक नाही (ते ३.१२ चं), रग्लॉब वापरा. इज_रिलेटिव्ह_टू ३.९ मध्ये आलं, तेही नाही. त्याऐवजी रिलेटिव्ह_टू करून व्हॅल्यूएरर पकडा. बाकी वर जे ठरलं ते सगळं ३.८ मध्ये आहे.

थॉमसन_सीडलेस · बुधवार, दुपारी १:२३

ताई, तिथे आत्ता ३.४ आहे.

जुनाखोड · बुधवार, दुपारी १:२५

एसटीआर(...) 😄